ताडोबाच्या ‘गेटपासून पाच मिनिटांवर’

“कोन्तं गेट हाय मॅडम?” नागपूर स्टेशनबाहेर डिकीत बॅगा टाकता टाकता ड्रायव्हरदादांनी विचारलं.

“ताडोबाचं.”

“ते झालं जी. पन कोन्तं?”

मी हॉटेलचं लोकेशन त्यांच्या हातात दिलं आणि प्रश्न मिटला असं समजून मागच्या सीटवर पाय मोकळे केले. उमरेड, भिसी, चिमूर. मे महिन्याचे दिवस, सकाळच्या दहालाच काच हाताला चटके देत होती. चिमूर आलं तेव्हा नवऱ्याने मुलाला 1942 च्या क्रांतीबद्दल सांगायला सुरुवात केली, पण मुलगा झोपला होता. मग ते सगळं सासूबाईंनी ऐकून घेतलं.

हॉटेल मी फोनवर बोलून ठरवलं होतं. सफारीचं परमिट आधीच हातात होतं, म्हणून फोनवर एकच गोष्ट दोनदा विचारली होती, गेट किती लांब? “पाच मिनिटं मॅडम. आमचं हॉटेल एकदम जंगलाला लागून आहे.” रात्रीचे साडेसहा हजार, दोन रात्री, सगळे पैसे आधी भरायचे. भरले.

आवारात शिरल्या शिरल्या कमानीवर सिमेंटचा वाघ. रिसेप्शनच्या मागे वाघ, पडद्यांवर वाघ, पलंगाच्या चादरीवर वाघ, बाथरूमच्या बादलीवरसुद्धा वाघाचं स्टिकर. मुलाने वहीत रेघा मारून मोजदाद सुरू केली, संध्याकाळपर्यंत आकडा एकोणतीसवर गेला. वेबसाइटवर ‘पाणवठ्याचं दृश्य’ म्हणून जी खोली होती तीच आम्ही घेतली होती. खिडकीबाहेर खरोखर पाणवठा होता. सिमेंटची बशी, तळाला तडा, त्यात वाळकी पानं आणि गुटख्याच्या दोन पुड्या. काठावर पाणी पिण्याच्या पोझमध्ये प्लास्टरचं हरीण. त्याचं एक शिंग तुटून आतली तार बाहेर आली होती. सासूबाई खिडकीशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, ते बिचारं तहानेनेच गेलं वाटतं.”

चेक-इन करताना मॅनेजरसाहेबांनी परमिट मागितलं. आधारकार्डांशी नावं जुळवली, आणि मग खाली बघून म्हणाले, “मॅडम, हे तर मोहर्लीचं आहे.”

“हो, मग?”

“आपण कोलाऱ्याला आहोत.”

तेव्हा कुठे स्टेशनवरच्या प्रश्नाचा अर्थ डोक्यात शिरला. ताडोबाच्या कोअरला, म्हणजे जंगलाच्या आतल्या राखीव गाभ्याला, एक गेट नाही, सहा आहेत. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी. त्याशिवाय बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलपट्ट्याची, आणखी कितीतरी. नुसता कोअर 625 चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि ही दारं त्याच्या चहूबाजूंनी विखुरलेली. परमिट ज्या गेटचं, आत सोडणार त्याच गेटवरून. जंगलातून आरपार जाणं खासगी गाडीला शक्य नाही, म्हणजे बाहेरून वळसा. पाच मिनिटांचं अंतर खरंच होतं, फक्त ते आमच्या गेटचं नव्हतं. चूक माझीही होतीच. परमिट काढताना जिथे जागा दिसली तिथलं घेतलं होतं, दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत. पण फोनवर मी ‘परमिट काढलंय’ हे सांगितलं होतं. ‘कुठल्या गेटचं?’ हे ड्रायव्हरदादांना सुचलं, रोज हाच धंदा करणाऱ्या माणसाला सुचलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

दुसऱ्या रात्रीचे पैसे परत मिळतील का, असं विचारलं. “सरांना सांगतो.” ड्रायव्हरदादांना झोपायला जागा? “सांगतो न.” बाथरूमच्या नळाला गढूळ पाणी येतंय. “सांगतो.” हा माणूस कुणाला सांगत होता ते दोन दिवसांत कळलं नाही. मला तर वाटतं, तो प्लास्टरच्या हरणाला सांगत असावा.

रात्री नऊला लाईट गेली. जनरेटर धडधडला, दिवे आले, एसी मात्र गप्प. निरोप द्यायला एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा आला. “जनरेटरवर एसी नाही चालत जी. कूलर लावून देतो.” व्हरांड्यातला लोखंडी कूलर त्याने ढकलत खिडकीशी आणला. मी मागचं झाकण काढून पाहिलं. टाकी कोरडी, ताट्यांमधलं गवत काळं पडून भुकटी झालेलं. पाणी घालायचं म्हटलं तर टँकर सकाळी येणार. विदर्भात मे महिन्यात कूलर म्हणजे काय चीज असते हे तिथल्या लोकांना मी सांगावं असं नाही, पण कोरडा कूलर म्हणजे नुसता गरम हवेचा पंखा. अर्ध्या तासाने आम्ही तोही बंद केला.

त्यात लॉनवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा डीजे. जंगलाला लागून असलेल्या हॉटेलात! मी तक्रार करायला खाली गेले तर मॅनेजरसाहेब स्वतः केकच्या टेबलाशी उभे. “दहा मिनिटांत बंद करायला सांगतो.”

डीजे बंद झाला तो साडेअकराला, आणि तोही जनरेटरचं डिझेल संपलं म्हणून. एकदम काळोख झाला. बाकी काही करण्यासारखं नव्हतं म्हणून आम्ही चौघं चादर घेऊन व्हरांड्याच्या फरशीवर जाऊन बसलो. फरशी अजून कोमट होती. जरा वेळाने कुंपणापलीकडून आवाज यायला लागला, टेबलावर पिंगपाँगचा चेंडू सोडावा तसा, आधी सावकाश, मग टपटप टपटप आणि संपला. पुन्हा सुरू. रातवा पक्षी. मुलगा आवाज न करता वहीत काहीतरी लिहीत होता, काळोखात त्याला काय दिसत होतं कोण जाणे. त्या हॉटेलात मी पैसे मोजले आणि बदल्यात काही मिळालं असं वाटलं, ते एवढंच.

पहाटे पार्किंगमध्ये गेले तर ड्रायव्हरदादा गाडीतच झोपलेले. चारही काचा खाली, तोंडावर ओला पंचा. “रूम भेटली नाही का?” “नाही न. म्हणे, सांगतो.”

दहाला आम्ही सगळं सामान उचललं. परत तिथे यायचंच नाही असं ठरलं होतं. मी मॅनेजरसाहेबांना तसं स्पष्ट सांगितलं, खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, पैशाचं पुन्हा विचारलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग चिमूर, वरोरा, भद्रावती असा वळसा. वरोऱ्याला उसाचा रस घेतला, त्यानंतर कुणी फारसं बोललं नाही.

मोहर्लीला मोबाईल जमा करून दुपारी जिप्सीत बसलो. वाघ दिसला नाही. तेलिया तलावाजवळ रानकुत्र्यांचा कळप सावलीत पडलेला दिसला, ताडोबा तलावावर एक मगर दिसली, ती बराच वेळ ओंडकाच वाटत होती. गाईड गावातलेच, कमी बोलणारे. तलावाच्या काठाशी त्यांनी तारू देवाची गोष्ट सांगितली. वाघाशी झुंजताना मेलेला गावप्रमुख, त्याच्या नावावरून ताडोबा, पौषात इथे यात्रा भरते. हे राष्ट्रीय उद्यान झालं 1955 मध्ये, देव त्याच्या खूप आधीचा. सासूबाईंनी जिप्सीतूनच हात जोडले. परतताना वाळकं बांबूचं बन, त्यामागे मावळतीचा उजेड, आणि धुळीत वाघाचे ताजे ठसे. जिप्सी थांबवून सगळे खाली वाकून बघत राहिलो. मुलाने वही काढली, जरा विचार केला आणि परत ठेवून दिली. ठसे मोजायचे नसतात म्हणाला.

रात्रीसाठी मोहर्ली गावातच एका घरी खोली मिळाली. दोन खाटा, खाली दोन गाद्या, भिंतीवर फक्त कॅलेंडर. कूलरमध्ये पाणी होतं. घरातल्या काकूंनी आमच्यासमोर बादलीने आणखी दोन बादल्या ओतल्या, आणि ड्रायव्हरदादांची खाट न विचारता अंगणात टाकली.

वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरीवर बसलो होतो तेव्हा फोन वाजला. हॉटेलचा नंबर. मला वाटलं, पैशाचं काहीतरी असेल. तो कूलरवाला पोरगा होता.

“मॅडम, रात्रीच्या जेवनाले चौघं हाय न? भात लावू का?”

“अरे, आम्ही सकाळीच खोली सोडली. मॅनेजरसाहेबांनी सांगितलं नाही?”

पलीकडे जरा शांतता.

“नाही जी. कोनी सांगतलंच नाही.”