शाळेतला शिधा घरी आला तेव्हा

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पहिली ते आठवीच्या मुलांचे दुपारचे शिजवलेले जेवणही थांबले. पुढे त्याऐवजी तांदूळ आणि कडधान्ये घरी देण्यात आली. कागदावर हिशेब चोख होता: पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ. परंतु शाळेत थेट मुलाच्या ताटात पडणारा हा शिधा घरी सगळ्यांच्या एकाच पातेल्यात शिजू लागला, आणि जिथे कर्ता माणूस मजुरी बुडाल्याने बसून होता, तिथे त्या 20 ग्रॅम डाळीचे वरण पाच-सहा जणांत पातळ होत गेले, यात आईचा दोष तो काय?

रेशनवर एप्रिलपासून महिन्याला माणशी 5 किलो मोफत धान्य मिळाल्याने पोटाला आधार झाला, हे मान्यच करायला हवे. पण भाजी, तेल, अंडी त्या धान्याबरोबर येत नाहीत, आणि माझ्या मते खरी तूट तिथेच पडली. विरोधाभास असा, की आठवडी बाजार बंद असल्यामुळे मेथी-टोमॅटो शेतातच सडत होते आणि शेजारच्या मजुराचे मूल तिखट-मिठाशी कोरडी भाकरी खात होते. बिस्किटांचा पाच रुपयांचा पुडा मात्र वाडीवरच्या दुकानातही मिळे, आणि रडणाऱ्या मुलाच्या हातावर तोच टेकवला जाई.