तुम्ही विचारलंत म्हणून: घराण्याचं गुपित

काम बघायला आलेली माणसं थोडा वेळ माझ्या कुंभाराच्या चाकापाशी उभी राहतात आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "इतक्या पिढ्यांचं काम आहे, म्हणजे घराण्याचं काहीतरी गुपित असेलच ना?" मी हसून वेळ मारून नेते. हात कोपरापर्यंत चिखलात असताना याहून मोठं उत्तर सुचत नाही. आज हात कोरडे आहेत, तर सांगते.

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक वही आहे. आजोबांकडून ऐकलेली मातीची मापं त्यांनी त्यात उतरवून ठेवली. काळी चार टोपल्या, तांबडी दोन, राख अर्धी टोपली, वाळू डोळ्याला पटेल इतकी. आता गंमत बघा, ती टोपली आजोबांच्या हयातीतच मोडली. पुढे आप्पा माती घमेल्याने मोजायला लागले, पण वहीत लिहिताना टोपलीच लिहीत राहिले. एक टोपली म्हणजे पाऊण घमेलं, असं मी धरून चालते. भाऊ म्हणतो सव्वा. त्यावरून आमची भांडणंही झाली आहेत.

बरं, टोपली सापडली असती तरी उपयोग नव्हता. ज्या खड्ड्यातली माती आजोबा वापरत, तो संपला. नवी माती आणली तर ती जुन्या मापाला जुमानेना, मडकी भट्टी बघायच्या आधीच सावलीत तडकायला लागली. माती जितकी बारीक, तितकं पाणी जास्त धरते आणि वाळताना तितकी जास्त आकसते. शेवटी ओल्या मातीच्या पट्ट्या केल्या, प्रत्येकीवर बरोबर 10 सेंटीमीटरवर दोन खुणा केल्या, वाळल्यावर मोजल्या, भाजल्यावर परत मोजल्या. जुन्या मातीत ते अंतर भाजून 9 सेंटीमीटर उरायचं, नवीत साडेआठसुद्धा नाही. वाळू वाढवत वाढवत जमवलं, त्यात एक अख्खा हंगाम गेला. आप्पांची वही तेव्हा फळीवर होती. कुणी उघडलीही नाही.

हे फक्त आमच्याकडेच झालं असं नाही. जपानमध्ये काकिएमोन हे चिनीमातीच्या भांड्यांचं घराणं सतराव्या शतकापासून चालत आलंय. दुधासारख्या पांढऱ्या अंगाची भांडी ही त्यांची ओळख, आणि नेमकी तीच करायची रीत मधल्या काळात बंद पडली. बाराव्या आणि तेराव्या पिढीने खटपट करून 1953 मध्ये ती परत उभी केली. नाव कधी तुटलं नाही, कृती तुटली. क्योतोच्या राकू घराण्यात तर झिलईची कृती लिहून द्यायची पद्धतच नाही, ज्याची त्याने शोधायची. पुढच्यांसाठी ते ठेवतात ती माती. आधीच्या पिढीने जमवलेली माती पुढची पिढी मळते. हे कळलं तेव्हा मला आप्पांचा राग आला. वही ठेवलीत, चार गाड्या माती ठेवली असतीत तर!

आप्पा शिकवायचे कसे, तर एका दोऱ्याने. मी चाकावरून मडकं उतरवलं की ते यायचे, दोरा ताणून धरायचे आणि ओलं मडकं वरून खालपर्यंत उभं कापायचे. दोन फाका शेजारी शेजारी ठेवायचे आणि म्हणायचे, "बघ." बुडाशी जाड, पोटात पातळ, गळ्याशी पुन्हा जाड. बाहेरून सुबक दिसणाऱ्या मडक्याच्या आत हे असं. पहिली दीड-दोन वर्षं माझं एकही मडकं भट्टीपर्यंत पोचलं नाही. लोकांना ही गोष्ट फार आवडते. मला नाही आवडत. हाताचा कुठला भाग कुठे टेकवायचा हे चार वाक्यांत सांगता आलं असतं. मी पुतण्याला सांगते, आणि तो सहा महिन्यांत तिथे पोचला. कापतो मात्र आम्ही अजूनही.

आता गुपितासारखं काही असेलच तर ते एवढंच. आमच्याकडे भट्टी संध्याकाळी लावायची, असा नियम होता. मध्यरात्रीच्या सुमाराला आप्पा झरोक्याला डोळा लावून बसायचे आणि आत अगदी मंद लाली दिसली की सरपण आवरतं घ्यायचे. "इथे घाई नको," एवढंच बोलायचे. भावाला वाटायचं संध्याकाळची वेळ शुभ असणार. मलाही तसंच काहीतरी वाटायचं. पुढे वाचनात आलं की मातीतल्या वाळूचे कण, म्हणजे क्वार्ट्‌झ, 573 अंश सेल्सिअसला एकदम फुगतात, आणि निवताना त्याच आकड्यावर एकदम आकसतात. तिथून झपाट्याने पुढे गेलं की भांड्याला केसाएवढी चीर जाते. तापलेली वस्तू डोळ्याला लाल दिसायला लागते तीही साधारण याच सुमाराला. ती पहिली लाली इतकी फिकी असते की उजेडात दिसतच नाही. संध्याकाळच्या मुहूर्ताचा अर्थ इतकाच होता, त्या वेळी अंधार हवा.

हा आकडा आप्पांना माहीत नव्हता, आजोबांना नव्हताच. आता भट्टीत थर्मोकपल आहे, म्हणजे आत किती अंश ताप आहे ते दाखवणारं साधन. पुतण्या सकाळी आठला भट्टी लावतो आणि रात्री सगळे झोपतात. नियम मोडला म्हणून थोडं चुकचुकायला हवं होतं, पण खरं सांगते, मला झोप फार प्रिय आहे. भट्टी उघडल्यावर मात्र प्रत्येक भांडं बोटाच्या पेराने वाजवून घ्यायचं. खणखणीत बोललं तर ठीक, भद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे, दिसो न दिसो. हे पुतण्याला मी शिकवलं नाही. लहानपणी भट्टीपाशी खेळायचा, तेव्हाच कधीतरी त्याच्या कानात बसलं असावं.

तो स्वतःची वही लिहितोय, सगळं ग्रॅममध्ये. परवा म्हणाला, "आत्या, ते 'डोळ्याला पटेल इतकी' आपण मोजून टाकू." मी एका घमेल्याला लागेल तितकी वाळू तीनदा ओतली, त्याने तिन्ही वेळा वजन केलं. 410, 380, 455. तिन्ही आकडे लिही, सरासरी काढू नकोस, असं मी त्याला बजावलं. त्याने मान डोलावली आणि खाली 415 लिहिलं.