किती जणांवर?

ऑगस्ट २०१७ मध्ये एक बातमी वाचून मी धावतच बाबांच्या खोलीत गेले. मधुमेहावरचं एक्झेनाटाइड नावाचं इंजेक्शन पार्किन्सन्समध्ये, म्हणजे कंपवातातही, उपयोगी पडेल, अशी आशा लंडनच्या संशोधकांना वाटत होती. बाबांचा उजवा हात मांडीवर होता. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, गोळी वळावी तशी, नेहमीसारखी. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती जणांवर?”

मला सांगता आलं नाही. बातमीत आकडा असेलही, मी तो पाहिलाच नव्हता. तरी त्याच आठवड्यात आमच्या गटाच्या बैठकीत उभी राहून मी ती बातमी सांगितली. पार्किन्सन्स झालेल्यांना आम्ही शुभार्थी म्हणतो आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना शुभंकर. त्या दिवशी सगळ्यांचेच चेहरे उजळले. मलाही फार बरं वाटलं.

दोन-तीन महिन्यांनी गटातल्या एका काकूंनी मला बाजूला घेतलं. काकांचं निदान नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची नेहमीची गोळी, सुरू करायला सांगितलं होतं, पण काकांनी गोळी घेतलीच नव्हती. “तू म्हणालीस ना, आजारच थांबवणारं औषध येतंय, मग ही कशाला, असं म्हणतात ते. शर्टाची बटणं मीच लावते गं आता.” काकूंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. त्यामुळे मला जास्तच लागलं. ‘आजारच थांबवणारं’ हे शब्द माझेच होते. बातमीत तसं कुठेही नव्हतं.

त्या रात्री मी पहिल्यांदा मूळ शोधनिबंध उघडला. चाचणीत ६२ जण होते. निम्म्यांना ४८ आठवडे इंजेक्शन, उरलेल्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. औषध बंद केल्यावर आणखी १२ आठवडे थांबून हालचालींची तपासणी केली, तेव्हा दोन गटांत इंजेक्शन घेतलेल्यांच्या बाजूने साडेतीन गुणांचा फरक निघाला. ही मोजपट्टी १३२ गुणांची असते. फरक खरा होता, म्हणूनच आशेला जागा होती. पण तो इतक्या थोड्या लोकांवरचा आणि इतका लहान होता की संशोधकांनीही मोठी चाचणी हवी असंच म्हटलं होतं. बाबांनी एका प्रश्नात जे विचारलं, ते कळायला मला चार तास लागले.

पुढच्या बैठकीत मी माझी चूक सगळ्यांसमोर सांगितली. काकांनी गोळी सुरू केली, ती मात्र आणखी बऱ्याच दिवसांनी आणि डॉक्टरांशी सविस्तर बोलून.

मग मी वाचायला शिकले. सुरुवातीला एकेक पान म्हणजे डोंगर. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर सारांश मिळायचा, पूर्ण लेख दर वेळी मिळायचा नाही. नुसता सारांश वाचून गटात काही सांगायचं नाही, हे मी स्वतःपुरतं ठरवलं. आधी ‘पद्धती’ हा भाग वाचायचा: प्रयोग उंदरांवर की माणसांवर, किती जण, किती दिवस, कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरांना माहीत होतं का. हा शेवटचा मुद्दा आपल्या आजारात फारच मोठा आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की नुसतं औषध मिळेल या अपेक्षेनेही पार्किन्सन्सच्या रुग्णाच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, सुटतं. म्हणजे ‘मला बरं वाटलं’ हे शंभर टक्के खरं असतं, तरी ते औषधामुळेच असेल असं नाही. हे वाचल्यावर कोणाचाही अनुभव मी मोडीत काढणं सोडलं, आणि एकट्या अनुभवावर भरवसा ठेवणंही.

दुसरी सवय लागली ती ‘पुढे काय झालं’ हे शोधण्याची. को-एन्झाइम क्यू-१० चंच बघा. २००२ मध्ये ८० जणांवरच्या चाचणीत आशा दिसली आणि कितीतरी घरांत त्या कॅप्सूल सुरू झाल्या. २०१४ मध्ये ६०० जणांवरच्या चाचणीचा निकाल आला: उपयोग नाही. क्रिएटिनची चाचणी तर १७४१ जणांवर झाली, तिथेही हाती काही लागलं नाही. पहिली बातमी सगळ्यांपर्यंत पोचते, दुसरी पोचत नाही. औषध मात्र घरोघरी चालूच राहतं.

नीट तयारी करून गटात नेलेलं पहिलं संशोधन लेव्होडोपाचंच होतं, काकांसाठी म्हणून. २०१९ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या ४४५ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींनी गोळी लगेच सुरू केली, काहींनी ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनी दोघांच्या स्थितीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मी अर्ध्या पानाचं मराठी टिपण लिहिलं आणि बाबांच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमना दाखवलं. ‘लवकर गोळी घेतल्याने आजार वाढतो ही भीती खोटी’ असं माझं वाक्य होतं. मॅडमनी त्यावर काट मारली आणि वर लिहिलं, ‘या चाचणीत, एवढ्या काळात, लवकर घेतल्याने नुकसान दिसलं नाही, आजाराचा वेगही कमी झाला नाही’. वाक्य लांबलं, पण त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. ते टिपण मी अजून जपून ठेवलंय.

तेव्हापासून टिपण अर्ध्या पानाचंच असतं. मूळ लेखाच्या प्रती मी वाटत नाही, त्याचे हक्क प्रकाशकाचे असतात. लेखाचं नाव देते आणि माझ्या शब्दांत लिहिते. शेवटी एक ओळ ठरलेली: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीची वेळ किंवा मात्रा बदलू नका. लेव्होडोपा अचानक बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ही ओळ मी कधीही गाळत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एक्झेनाटाइडच्या आधीपेक्षा मोठ्या चाचणीचा निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १९४ रुग्ण, ९६ आठवडे. हालचाली दोन्ही गटांत खालावल्या, आणि इंजेक्शन घेतलेल्यांना काहीच जास्तीचा फायदा दिसला नाही. मी स्क्रीनसमोर बराच वेळ बसून राहिले. साडेसात वर्षं त्या औषधाची वाट पाहत होते मी, मनातल्या मनात. बाबांना सांगितलं. त्यांचा आवाज आता फार बारीक झालाय, वाकून ऐकावं लागतं. “हेही सांग गटात,” म्हणाले.

सांगताना माझाच आवाज भरून आला. ज्या खोलीत आशा वाटली होती, तिथेच ती परत घ्यायची होती. ती बातमी २०१७ मध्ये ऐकलेल्यांपैकी सगळे आता आमच्यात नाहीत. काका पुढच्याच खुर्चीत होते, गोळी लागू पडलेली, हात स्थिर. त्यांनी विचारलं, “त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाचं काय झालं?” मी सांगितलं, लिक्सिसेनाटाइड, २०२४, १५६ जण, औषध घेतलेल्यांच्या हालचाली वर्षभरात जवळपास तशाच राहिल्या, खालावल्या नाहीत, पण त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना मळमळ झाली, आणि तीही मोठी चाचणी नाही.

काकांनी खिशातून पेन काढलं आणि टिपणाच्या कोपऱ्यात ‘पुढच्या वर्षी पुन्हा विचारणे’ असं लिहिलं. ‘पुढच्या’ ठळक होता. ‘विचारणे’ला येईपर्यंत अक्षर मुंगीएवढं झालं. कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, “वाचता येतंय ना गं?”

“येतंय, काका.”