जुना स्किड-स्टीअर लोडर: आधी त्याचे वळणे समजून घ्यावे

इंदूरच्या सांवेर रोडवर आमचा पेव्हर ब्लॉकचा छोटा कारखाना आहे. तिथे वाळू आणि गिट्टी भरणारा स्किड-स्टीअर लोडर आम्ही एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमधून जवळजवळ भंगाराच्या भावात घेतला होता. असे जुने यंत्र घेणारा माणूस बहुधा आधी इंजिनाचा आवाज ऐकतो, मग धूर पाहतो आणि तेवढ्यावरच भाव ठरवतो. इंजिनाची मला फारशी चिंता वाटत नाही, कारण डिझेल इंजिन उघडून रिंगा, लायनर आणि बेअरिंग बदलणारे चांगले मिस्त्री आपल्या शहरात सहज मिळतात. या यंत्राचे आयुष्य ठरते ते चेन-बॉक्स (चाके फिरवणाऱ्या चेनची तेल भरलेली पेटी), हायड्रॉलिक पंप-मोटर (तेलाच्या दाबाने चाके फिरवणारी जोडी) आणि बूमच्या, म्हणजे बकेट उचलणाऱ्या हातांच्या, सांध्यातल्या पिना यांच्या स्थितीवर. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी कशा झिजतात हे कळायचे असेल, तर हे यंत्र वळते कसे हे आधी समजून घ्यावे लागते.

स्किड-स्टीअरची चाके मोटारीच्या चाकांसारखी तिरपी होत नाहीत. डाव्या बाजूची दोन्ही चाके चेनने एकत्र बांधलेली असतात आणि उजव्या बाजूचीही तशीच; प्रत्येक बाजूला स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र मोटर असते, आणि दोन्ही बाजूंच्या वेगातल्या फरकामुळे यंत्र वळते. बकेट रिकामी असताना सुमारे ७० टक्के वजन मागच्या चाकांवर असते, तर बकेट भरली की बहुतेक वजन पुढच्या चाकांवर येते. ज्या जोडीवर वजन कमी, ती जमिनीवर घासत आडवी सरकते आणि यंत्र दुसऱ्या जोडीभोवती फिरते. १९५७ मध्ये अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉथसे या गावी सिरिल आणि लुई केलर या भावांनी एका टर्कीपालकाच्या गोठ्यात, खांबांच्या मधल्या अरुंद जागेत फिरू शकेल असा हलका लोडर बनवला, तेव्हा त्याला तीनच चाके होती आणि मागचे चाक मोकळे फिरणारे होते. पुढे मेलरो कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९६० च्या एम-४०० या यंत्रात चारही चाकांना गती दिली. तेव्हापासून घासत वळणे हीच या यंत्राची रीत झाली.

त्या घासण्याचा भार टायरवरून ॲक्सलवर, ॲक्सलवरून बेअरिंगवर आणि तिथून स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) व चेनवर जातो. पावसाळ्यात काळ्या मातीवर चाक सहज सरकते, पण आमच्या आवारातल्या काँक्रीटवर टायरची पकड घट्ट असते आणि प्रत्येक वळणाला चेन कडकडून ताणली जाते. म्हणून आमच्या चालकांना मी एवढेच सांगत असतो, "काका, जागच्या जागी गरगर फिरवू नका, थोडे पुढे घेत घेत वळवा." त्यांनी ही सवय लावून घेतल्यापासून टायर स्पष्टपणे जास्त टिकू लागले आहेत. एका बाजूची दोन्ही टायर एकाच मापाची, सारख्या झिजेची आणि सारख्या हवेची असणेही तितकेच आवश्यक आहे. ती दोन चाके चेनने बांधलेली असल्यामुळे घेरात थोडाही फरक पडला, तर सरळ चालतानासुद्धा ती एकमेकांना ओढत राहतात. एकच फाटलेले टायर बदलून पैसे वाचवणारे मालक मी पाहिले आहेत; त्यांचा तो खर्च पुढे चेनमध्ये निघतो.

आमच्या लोडरचा चेन-बॉक्स उघडला तेव्हा आतले तेल राखाडी आणि दुधाळ झालेले होते, म्हणजे ॲक्सलच्या सीलमधून पाणी आत गेलेले होते. तळाशी गाळाचा जाड थर होता आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूला झुकून हुकासारखे झाले होते. अशा वेळी फक्त चेन बदलण्याचा मोह आवरावा. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर तीही लवकरच ताणली जाते. उघडण्याआधीच अंदाज घ्यायचा असेल, तर यंत्र भक्कम लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) उचलून, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने पुढे-मागे हलवावे आणि चेन ओढ घेईपर्यंत चाक किती मोकळे फिरते ते पाहावे. दोन्ही बाजूंत मोठा फरक दिसला, तर जास्त ढिली असलेली बाजू आधी उघडावी.

हायड्रॉलिकच्या बाबतीत माझा सर्वाधिक विश्वास जुन्या फिल्टरवर आहे. तेलाचा फिल्टर काढल्यावर तो फेकून न देता त्याचे कवच कापून उघडावे, आतला घड्यांचा कागद पांढऱ्या फडक्यावर पसरावा आणि उन्हात तिरपा धरून पाहावा. आमच्या फिल्टरच्या घड्यांत सोनेरी चकचकीत कण होते आणि चुंबक फिरवला तरी ते जागचे हलले नाहीत. ते ब्राँझचे कण होते आणि पंप-मोटरच्या आतले ब्राँझचे भाग झिजत असल्याची ती खूण होती. चुंबकाला चिकटणारे कण बेअरिंगकडे किंवा पोलादी भागांकडे बोट दाखवतात. काळे, मऊ तुकडे बहुधा आतून सोलवटलेल्या होजचे (तेलाच्या रबरी नळीचे) किंवा सीलचे असतात. पंपाच्या आतली फट काही मायक्रॉनची असते आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले की तेलाचा डबा उघडा ठेवणे किंवा मळक्या गाळणीतून तेल ओतणे किती महागात पडते, ते सांगावे लागत नाही.

यंत्र एका बाजूला ओढत असेल, तर थेट पंपावर संशय घेऊ नये. आधी टायरची हवा, मग लीव्हरच्या जोडण्यांमधला ढिलेपणा आणि लीव्हर मधोमध असताना यंत्र थांबून राहते का, ही मध्यबिंदूची जुळणी तपासावी. तरीही दोष राहिला, तर दोन्ही बाजूंच्या मोटरच्या केस-ड्रेनमधून (मोटरच्या आत झिरपलेले तेल बाहेर नेणाऱ्या नळीतून) गळणारे तेल सारख्याच वेळात वेगवेगळ्या मापात घेऊन त्यांची तुलना करावी. जिची आतली झीज जास्त, त्या मोटरचे तेल जास्त येते.

बूमच्या पिनांनी मात्र आमचा सर्वाधिक वेळ घेतला. ग्रीस न मिळाल्यामुळे पिन बुशमध्ये (पिनेभोवतीच्या धातूच्या नळीत) आणि बुश आपल्या घरात (बूममधल्या भोकात) फिरून भोके लंबगोल झाली होती. ती वेल्डिंगने भरून जागेवरच लाइन बोरिंग करून (एका रेषेत पुन्हा गोल कोरून) घेतली, नव्या पिना ईएन-२४ या मजबूत मिश्र पोलादाच्या बनवल्या आणि बुश मुद्दाम पिनेपेक्षा मऊ ठेवले, कारण झिजायचेच असेल तर स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग आधी झिजलेला बरा. बुश बसवण्यापूर्वी रात्रभर डीप फ्रीजरमध्ये ठेवले होते. सकाळी कपड्यात गुंडाळून आणले, घर गॅसच्या ज्योतीने हलके गरम केले आणि लाकडी ठोकळ्यावर हातोडीचे बेताचे घाव घालताच ते सरळ आत गेले. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीची तार काढावी आणि अर्थिंगची पकड कामाच्या अगदी जवळ लावावी, म्हणजे विजेचा प्रवाह बेअरिंगमधून जात नाही.

एका गोष्टीबद्दल मी कोणतीही तडजोड मान्य करत नाही. जुन्या यंत्रांत सीट-बारचा (चालकाच्या मांडीवर येणाऱ्या दांड्याचा) सुरक्षा स्विच तारा जोडून निकामी केलेला असतो आणि बूमला आधार देणारा लॉक हरवलेला असतो. उचललेल्या बूमखाली लॉक लावल्याशिवाय कोणीही जाऊ नये, कारण एक होज फुटला तरी बूम खाली येते. आम्ही बाकीच्या कामांना हात लावण्याआधी हे दोन्ही पूर्ववत केले. बारीक गळती शोधतानाही हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. दाबाखालचे तेल कातडीच्या आत शिरले तर ते शस्त्रक्रियेचे प्रकरण होते.

देखभालीत आता विशेष अवघड काही उरलेले नाही, पण ती चुकवून चालत नाही. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला ग्रीस भरण्याच्या सर्व निपलांमध्ये जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरले जाते आणि चाकांच्या नटांवर पाना फिरवला जातो. रेडिएटर मागच्या बाजूला असल्यामुळे सिमेंटची धूळ त्याच्या जाळीत बसते. ती पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हवा मारून काढावी लागते, आणि मे महिन्यात तर हे काम रोजचेच होते. इंजिनाखालच्या पोटात तेलाने भिजलेली धूळ आणि पाचोळा साचतो आणि तो आग लागण्याचे कारण ठरू शकतो, म्हणून तळाचे पत्रे काढून ती जागा नियमित धुतली जाते.

डाव्या मोटरचे केस-ड्रेनचे तेल अजून उजवीपेक्षा थोडे जास्त येते, पण त्या पहिल्या फिल्टरानंतर उघडलेल्या फिल्टरांत सोनेरी कण दिसलेले नाहीत. पावसाळ्यात ब्लॉकची मागणी कमी होते, तेव्हा ती मोटर खाली उतरवून सील आणि बेअरिंग पाहण्याचे ठरवले आहे. सील-किट आणून ठेवले आहे.