आईचं सामान आणि दहा बाय दहाचं युनिट

बाबा गेल्यावर दीड वर्षाने आई माझ्याकडे राहायला आली. तिचं घर रिकामं करून द्यायचं होतं. सामानातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे तिचं ठरत नव्हतं, आणि मला तिला घाई करायची नव्हती. म्हणून स्टोरेज युनिट, म्हणजे सामान ठेवायला मिळणारी शटरची बंद खोली, भाड्याने घेतलं. ते केवढं घ्यायचं या एका प्रश्नात मी चुकले आणि त्याचा त्रास माझ्यापेक्षा आईला जास्त झाला. हल्ली ओळखीतलं कुणी ना कुणी मला हाच प्रश्न विचारतं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

युनिटसाठी फोन केला की पहिला प्रश्न येतो, "किती खोल्यांचं घर आहे?" उत्तराप्रमाणे लगेच आकार सांगतात. 5 बाय 5 फूट म्हणजे थोडी खोकी आणि एखादी खुर्ची. 5 बाय 10 म्हणजे एका खोलीचं सामान. 10 बाय 10 म्हणजे दोन खोल्या, 10 बाय 15 म्हणजे तीन, आणि 10 बाय 20 मध्ये मोठं घर किंवा एक मोटार. हा अंदाज अगदीच चुकीचा नाही. पण खोल्या मोजून सामान कळत नाही. नुकतं लग्न झालेल्या जोडप्याच्या तीन खोल्या आणि जिथे एकच कुटुंब 40 वर्षं राहिलं त्या तीन खोल्या यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यात पलंग सुटा होतो की नाही, कपाट लोखंडी आहे की खोलता येणारं, पुस्तकं किती, हे त्या एका प्रश्नात कुठेच येत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक वस्तू मोजायचं ठरवलं, आणि तो निर्णय बरोबरच होता. आई टेपचं एक टोक धरायची, मी आकडा वाचायचे आणि ती जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहायची. लांबी, रुंदी, उंची, सगळं फुटांत. लाकडी कपाट 3 फूट रुंद, पावणेदोन फूट खोल, 6 फूट उंच, म्हणजे साडेएकतीस घनफूट. फ्रिज 24. कपडे धुण्याचं मशीन 12. तीन जणांचा सोफा जवळजवळ 59 आणि त्याच्या जोडीच्या दोन खुर्च्या मिळून 54! सोफा हा प्रकार इतका जागाखाऊ असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. एवढी मोठी वस्तू, आणि ना तिच्यात काही भरता येत, ना तिच्यावर धड काही रचता येत. उलट पलंग सुटा केल्यावर फळ्यांचा गठ्ठा जेमतेम 15 घनफुटांचा झाला. डायनिंग टेबलाचे पाय काढले तर तेही भिंतीला टेकून उभं राहिलं. खोकी 42 निघाली. सगळ्याची बेरीज 415 घनफूट.

चूक झाली ती यानंतर. 5 बाय 10 चं युनिट 8 फूट उंच होतं, म्हणजे 400 घनफूट. मी म्हटलं, पंधराचाच तर फरक आहे, बारीकसारीक कपाटात कोंबू, बसेल सगळं. दादाला शंका आली होती. "अगं, इतकं काठोकाठ नको," असं तो म्हणालाही. पण वहीतला आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी त्यावर अडून बसले.

सामानाची गाडी आली त्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास युनिट भरलं. जवळपास एक तृतीयांश सामान बाहेर पॅसेजमध्ये राहिलं. आई तिच्याच एका डायनिंगच्या खुर्चीवर बसली होती. एका बाजूला उभी केलेली गादी, दुसऱ्या बाजूला बाबांची पुस्तकं. ये-जा करणारे लोक त्या सामानाकडे बघत वाट काढत होते. ती काही बोलली नाही. पदराने कपाटाचा आरसा पुसत राहिली, तोच तोच कोपरा. तो आरसा मी अजून विसरलेले नाही.

सुदैवाने त्याच मजल्यावर 10 बाय 10 चं युनिट रिकामं होतं. ते घेतलं आणि सगळं पुन्हा बाहेर काढून पुन्हा भरलं. रात्रीचे साडेआठ वाजले.

400 मध्ये 415 का मावलं नाही, यावर मी नंतर बराच विचार केला. एक तर 8 फूट उंची ही कागदावरची उंची. छताला स्प्रिंकलर असतील तर त्यांच्याखाली साधारण 18 इंच जागा मोकळी सोडावी लागते, नाहीतर आग लागल्यावर पाण्याचा फवारा पसरत नाही. हा अग्निसुरक्षेचा नियम आहे, त्यात तडजोड करू नये. म्हणजे हाताशी उरले साडेसहा फूट. स्प्रिंकलर नसले तरी खोकी साडेसहा फुटांवर चढवायला शिडी लागते, आणि खालच्या खोक्यांना तेवढा भार पेलत नाही. त्यातून शटर वर गुंडाळलं जातं ते आतल्या बाजूला, त्यामुळे दारापाशी उंची आणखी कमी. म्हणजे 400 चे झाले 325. मग फटी. कपाट आणि भिंत यांच्यातली चार बोटं, सोफ्याच्या हाताखालची पोकळी, गोल वस्तूंच्या बाजूचे कोपरे. कितीही हुशारीने रचा, पाचातला एक भाग तरी हवा असतो. म्हणजे 325 मधले साधारण 260 घनफूटच खरे उपयोगी. मी त्यात 415 घालायला निघाले होते.

घनफूट मोजताना दाराची रुंदीही मोजायला हवी. लहान युनिटांचं दार बऱ्याचदा अरुंद असतं, आणि आत भरपूर जागा असूनही सोफा दारातच आडवा-तिडवा फिरवत बसावं लागतं. लिफ्टचंही तेच. लोखंडी कपाट खोलता येत नाही, ते लिफ्टमध्ये उभं मावतं का हे आधी बघावं.

10 बाय 10 मध्ये त्या रात्री सगळं मावलं, आणि आम्हाला वाटलं, सुटलो. पण दमलेल्या माणसांनी भरलेलं युनिट होतं ते. जे आधी हातात आलं ते आत गेलं. महिन्याभराने बाबांच्या पेन्शनची एक फाइल हवी झाली. ती होती पत्र्याच्या ट्रंकेत आणि ट्रंक होती मागच्या भिंतीला, दोन्ही कपाटांच्या पलीकडे. मी आणि दादाने जवळजवळ अर्धं युनिट बाहेर काढलं तेव्हा ती हाती लागली. पुस्तकांचं तळाचं एक खोकंही दबून फाटलेलं सापडलं. ते मोठं खोकं होतं, नुसत्या पुस्तकांनी भरलेलं, आणि त्यावर आणखी चार. तेव्हापासून पुस्तकं फक्त लहान खोक्यांत, 18 बाय 12 बाय 12 इंचांच्या. तेवढ्यात दीड घनफूट मावतं आणि भरल्यावर वजन 25 किलोंच्या वर-खाली जातं. त्याहून जड झालं की उचलणाऱ्याची कंबर जाते किंवा तळ तरी जातो. मोठ्या खोक्यात उशा, स्वेटर, पडदे.

त्या फाइलीमुळे मला आकाराचा खरा मुद्दा कळला. सामान किती आहे हा अर्धाच प्रश्न झाला. ते मधून मधून काढावं लागणार का, हा उरलेला अर्धा. काढावं लागणार असेल तर आत शिरायला वाट हवी, आणि वाटेलाही भाडं पडतं. दाराकडून मागच्या भिंतीपर्यंत दोन फुटांची वाट सोडली की 10 बाय 10 मधले 20 चौरस फूट गेले. उरलेल्या 80 मध्ये साडेसहा फूट उंचीने 520 घनफूट, फटी वजा केल्या तर 416. आमचं सामान 415! इतकं जुळलेलं बघून आम्ही दोघंही वहीकडे बघत राहिलो.

आता कुणी विचारलं तर मी सांगते, सामानाचं घनफळ काढ. शेवटपर्यंत उघडायचंच नसेल, म्हणजे घराचं काम चालू आहे आणि सगळं एकदमच परत न्यायचं आहे, तर युनिटचं कागदावरचं घनफळ सामानाच्या किमान दीडपट घे, आणि थोडी सैल जागा वर. मधून मधून जायचं असेल तर दुप्पट. हा माझ्या अनुभवातून आलेला हिशेब आहे, पण आमच्या बाबतीत दोन्हीकडून पडताळून झालाय.

यात आकृतीचाही भाग आहे. 5 बाय 15 ला 75 चौरस फूट, वाचायला भरपूर. पण त्यात मागपर्यंत दोन फुटांची वाट काढली तर 30 चौरस फूट वाटेतच जातात, शंभरातले 40. चौकोनी 10 बाय 10 मध्ये तीच वाट शंभरातली 20 खाते. लांबट युनिट एकदाच भरून एकदाच रिकामं करणाऱ्यांसाठी ठीक. सारखं जाणाऱ्याने रुंदीकडे बघावं. भाडं बहुतेक ठिकाणी आकाराच्या पटीत वाढत नाही, दुप्पट जागेला दुप्पट भाडं क्वचितच असतं. त्यामुळे काठावरचा आकार असेल तर वरचा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र त्याआधी एकदा सामानावरून डोळे फिरवा. मोडका पंखा आणि सुक्या रंगाचे डबे यांचं महिनोन्‌महिने भाडं भरण्यात काही अर्थ नाही. रॉकेल, पेट्रोल, गॅसची टाकी, खाण्याच्या वस्तू तर कुठेच ठेवून घेत नाहीत, तेव्हा ते यादीतूनच काढा.

पुन्हा लावायचं ठरलं तेव्हा आईने पुढाकार घेतला. आलेखाच्या कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे एक फूट असं धरून तिने 10 बाय 10 चा चौकोन आखला. मग वही बघून एकेका वस्तूचा कागद कापला, अगदी शिवणाचे कागद कापायची तसा, कडा नखाने दाबून. कपाटाचा तुकडा, फ्रिजचा, सोफ्याचा. प्रत्येकावर बारीक अक्षरात नाव. दोन दिवस ती ते तुकडे सरकवत होती. सोफा मागच्या भिंतीला गेला, कारण तो कुणालाच लागणार नव्हता. दोन्ही कपाटं डावीकडे ओळीने, दारं वाटेकडे, म्हणजे आतलं काढता येईल. मला हे सुचलंच नसतं. बंद कपाट भिंतीकडे तोंड करून ठेवलं की त्याच्या आतली सगळी जागा गोठून जाते. फ्रिज उभाच, पूर्ण कोरडा करून, दार किंचित उघडं राहील असं बांधून. बंद ठेवला तर आत बुरशी धरते आणि वास जात नाही. गाद्या आडव्या, सगळ्यात वर, कारण स्प्रिंगची गादी महिनोन्‌महिने उभी राहिली की तिचा आकार जातो. जमिनीवर आधी लाकडी फळ्या, भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून, म्हणजे ओल लागत नाही आणि हवा खेळती राहते.

शिवणयंत्र तिने शटरच्या अगदी जवळ ठेवलं. मी म्हटलं, "आई, ते मागे गेलं तर पुढे खोकी रचता येतील." ती म्हणाली, "ते मला बघायला लागतं." मग तो तुकडा तिथेच राहिला.

ते असं लावल्याला आता आठ महिने झाले. महिन्यातून एकदा आम्ही जातो. शटर वर केलं की आधी यंत्र, मग वाट. आई आत जाते, कपाट उघडते, काहीतरी घेऊन येते किंवा काहीतरी द्यायचं ठरवून येते. गेल्या महिन्यात सोफा आणि दोन्ही खुर्च्या तिने एका ओळखीच्या मुलीला दिल्या, नवीन संसार आहे म्हणून. एकदम 113 घनफूट कमी झाले, उरले 302. दुपटीने 604. तिथे साडेसात बाय दहाचं युनिट असतं, 8 फूट उंचीने बरोबर 600 घनफूट. सध्या रिकामं नाही, नाव नोंदवून ठेवलंय. आईने त्याचाही चौकोन आखला आहे. सोफ्याचे तुकडे वहीत जपून ठेवलेत आणि शिवणयंत्राचा तुकडा याही कागदावर शटरपाशीच आहे.