यहूदाचेही पाय
आज उपासनेनंतर आमच्या चर्चच्या मंडळीचं प्रीतिभोजन, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, होतं. पुढच्या खुर्च्यांवर कोण बसणार, हार आधी कुणाला, यावरून कुजबुज झालीच. मागे मोरीपाशी मात्र एक मावशी पदर खोचून डाळीची करपलेली पातेली घासत होत्या. कोपरापर्यंत साबण, ओठांवर गीत. फार बरं वाटलं बघून.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात प्रभू येशू जेवणावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो, शिष्यांचे पाय धुतो. त्याला शत्रूंच्या हाती धरून देणारा शिष्य यहूदा तेव्हा तिथंच होता, हे वाचताना आपण सहज ओलांडून जातो. धरून देणाऱ्याचेही पाय धुतले त्यानं! आणि आपण हारासाठी रुसायचं?

पंडिता, सरस्वती अशा पदव्या मिळूनही रमाबाईंनी केडगावात दुष्काळातल्या अनाथ मुली सांभाळल्या.

पुढच्या प्रीतिभोजनाला भांड्यांची पाळी तरुण संघानं आणि पंच कमिटीनं मिळून घ्यावी, असं पाळकसाहेबांना सांगून आलोय.