एका कोयत्यातली दोन माणसं

ऊसतोडीच्या करारावर ‘कोयते : १’ असं लिहिलेलं असलं की त्या एकात दोन माणसं असतात, नवरा आणि बायको. मजुरांची टोळी आणणारा मुकादम ‘यंदा दहा कोयते आणलेत’ म्हणाला की वीस माणसं समजायची. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. वाळवा-पलूसकडं हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सांगलीच्या जिल्हा न्यायालयात मात्र मला ते पुराव्यानिशी सिद्ध करावं लागलं.

मी मोटार अपघातांचे दावे चालवते. बीडच्या पाटोदा तालुक्यातून टोळीबरोबर आलेली एक बाई पहाटे उसाच्या फडाकडं चालली होती, मागून टेम्पोनं उडवलं. उजव्या मनगटाचा चुरा झाला. हाड कसंबसं जुळलं, पण मूठ आवळत नाही. टेम्पोवाल्याची चूक फारशी वादात नव्हती, वाद होता तो बाईच्या कमाईचा. करारावर नाव नवऱ्याचं, अंगठा नवऱ्याचा, उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतली नवऱ्यानं, आणि कोयते एक.

विमा कंपनीच्या वकिलांची उमेदीची वर्षं फौजदारीत गेलेली. त्यांच्या लेखी कोयता म्हणजे मुद्देमाल. पंचनाम्यात लांबी-रुंदी लिहून, लाखेचं सील लावून येणारा, भारतीय न्याय संहितेच्या ११८ व्या कलमातलं घातक हत्यार म्हणून दाखवला जाणारा. पेपर वाचणाऱ्याला पुण्याची कोयता गँग आठवते. कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं येतो तो कमरेच्या आकडीत अडकवलेला. यातला एकही अर्थ खोटा नाही. पण बाईचा दावा ज्या अर्थावर उभा होता तो या कशातच नव्हता.

उलटतपासात वकिलांनी विचारलं, “करारात कोयता एकच आहे. तो तुमचे यजमान चालवत होते. मग तुम्हीही तिथं कामाला होतात, हे कशावरून?”

बाई क्षणभरही थांबली नाही. “सायेब, आम्ही दोघं मिळूनच एक कोयता हाव. ह्यांनी तोडायचा, म्या पाचट काढायचं, वाढं छाटायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडी भरायची. म्या घरी बसले तर मुकादम ह्यांना अर्धीच उचल देईन.”

न्यायाधीशांनी टंकलेखकाला हातानं थांबवलं आणि तिला तेच पुन्हा सावकाश सांगायला लावलं. शब्दन् शब्द उतरवून घेतला.

दुपारी मुकादमाची साक्ष झाली. त्याला मी वही घेऊन यायला सांगितलं होतं. टोळीच्या यादीत नवऱ्याच्या नावापुढं ‘१’ होता, आणि अपघातानंतरच्या आठवड्यात तो खोडून ‘अर्धा’ केलेला. कुणी कोर्टासाठी लिहिलेली ती नोंद नव्हती. उचल किती फिटली, किती अंगावर राहिली याचा तो व्यवहारी हिशेब होता. कागदावर कधीच नसलेली बाई काम थांबताच त्या वहीत बरोबर निम्म्यानं वजा झाली होती. इतकी वर्षं दावे चालवतेय, पण पुराव्याचा इतका सरळ आणि इतका क्रूर कागद माझ्या हाती आला नव्हता.

मला हा हिशेब अन्यायाचा वाटतो. मजुरी टनावर, दोघांची मिळून, आणि हातात पडते एकाच्या. पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की उरलेली उचल पुढच्या हंगामावर जाते आणि तीही दोघांनी घाम गाळूनच फेडायची. बाईचं नाव कशातच नाही, म्हणून ती अपघातात सापडली की ‘गृहिणी’ ठरते. घरकामालाही आर्थिक मोल आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं कीर्ती खटल्यात २०२१ मध्ये सांगितलंच आहे आणि मी तो निकालही दाखवला. पण ही बाई भाकऱ्या थापून फडात जात होती. तिची दोन्ही कामं मोजा, एवढंच माझं म्हणणं होतं.

दुसरा मुद्दा मनगटाचा. डॉक्टरांच्या दाखल्यावरचे टक्के आणि बुडालेली कमाई ही दोन वेगळी मापं आहेत, हे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालानं पक्कं केलंय. त्या मनगटानं कदाचित दुकानाचा गल्ला सांभाळता येईल. मोळी आवळता येणार नाही.

हे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणानं कारखान्याच्या वजनपावत्या धरून जोडीची कमाई काढली, तिची निम्मी बाईची मानली आणि घरकामाचं मोल वेगळं धरलं. विमा कंपनी अपिलात गेली आहे. ऑगस्ट २०२५ पासून सांगलीची अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढं चालतात, म्हणून मुंबईचे हेलपाटे तरी वाचले. अपिलाचा निकाल लागेपर्यंत काही रक्कम बाईच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हावी, असा अर्ज मी दिलाय. खातं तिच्या एकटीच्या नावानं आधीच उघडून घेतलंय.